रश्शातले मटण कोणी काढले?

सोयाबीनच्या वड्या घालून 'अगदी मटणासारखा' रस्सा करायची पद्धत आता रेणापूर तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांत चांगलीच रुळली आहे. वाटण तेच, येसूर तोच, काळा मसाला तोच, वर तरंगणारी तर्रीही तीच. फक्त तुकड्याच्या जागी वडी. यावरून आपल्या तरुणांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ही नक्कल म्हणजे ब्राह्मणी शाकाहारापुढे घातलेले लोटांगण आहे. मटण खायचे असेल तर उघड खा. दुसरा तट म्हणतो, आपण बौद्ध आहोत, प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा घेतली आहे, मग मटणाची चव तरी कशाला आठवायची? भीमजयंतीच्या भोजनदानात काय शिजवायचे याची चर्चा निघाली की हा वाद हमखास पेटतो.

आम्हाला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात, कारण दोघेही भांड्यात काय आहे एवढेच पाहतात. आमचे म्हणणे असे की भांड्यात मटण आहे की नाही हा दुय्यम प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की ते मटण काढले कोणी? परिस्थितीने काढले, आपण स्वतः स्वाभिमानाने काढले, की दुसऱ्या कोणी आपल्या ताटात हात घालून काढले? बिनमटणाच्या रश्शाचा इतिहास या तीन वाटांनी आपल्यापर्यंत आला आहे. तिन्हींची चव सारखी लागेल, पण अर्थ सारखा नाही.

रस्सा हीच मुळात काटकसर

आधी रस्सा म्हणजे काय ते पाहू. ज्याच्या घरी मटण भरपूर, तो सुके करतो, भाजतो, तळतो. ज्याच्या घरी मटण थोडे आणि माणसे जास्त, तो रस्सा करतो. अर्धा किलो मटणात दहा-बारा माणसे जेवायची तर पाणी वाढवावे लागते, आणि पाण्याला चव व दाटपणा द्यावा लागतो. त्यासाठी मराठवाड्यातल्या कष्टकरी बायांनी जे शोधून काढले तो येसूर. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ अशी धान्ये खमंग भाजायची, धने-जिरे-मिरचीसारख्या मसाल्यासोबत दळायची आणि ते पीठ उकळत्या रश्शात सोडायचे. पाण्याला अंग येते. जोडीला चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेला कांदा, भाजलेले सुके खोबरे, लसूण, काळा मसाला. हाडांमधून आणि नळीतून जो दाटपणा यायला हवा, त्याची अर्धी भरपाई धान्य करते.

रस्सा होण्याआधीची पायरी म्हणजे अळणी. मटण हळद-मिठात शिजवल्यावर जे पाणी सुटते ते. मसाला पडण्याआधी त्यातली वाटीभर बाजूला काढायची आणि आजाऱ्याला, बाळंतिणीला, लहान लेकराला द्यायची. दवाखाना दूर आणि पैसा नाही अशा घरात अळणी हेच टॉनिक होते.

म्हणजे आपण ज्याला 'मटणाची चव' म्हणतो, तिचा मोठा भाग मटणाचा नाहीच. तो भाजण्याचा, वाटण्याचा, धुराचा आणि येसुराचा आहे. आपल्या आई-आज्यांच्या हाताचे ते ज्ञान आहे. म्हणूनच मटण काढून घेतले तरी रस्सा उभा राहू शकतो. तो मुळातच कमीत कमी मटणावर उभा राहण्यासाठी घडवला गेला होता.

पहिला बिनमटणाचा रस्सा : बाईच्या ताटातला

या दृष्टीने पाहिले तर शाकाहारी 'मटण रस्सा' हा काही हॉटेलवाल्यांचा शोध नाही. तो सगळ्यात आधी आपल्याच घरात, सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात तयार झाला. तुकडे आधी पाहुण्यांना, मग घरच्या पुरुषांना, मग लेकरांना. भांडे तिच्यापर्यंत येईतो तळाशी रस्साच उरायचा. तिने त्यात भाकरी कुस्करली आणि त्यालाच मटणाचे जेवण म्हटले. ज्या बाईने तो रस्सा रांधला, तिलाच त्यातला तुकडा क्वचित मिळाला. जातीव्यवस्थेवर बोलताना आपण हे घरातले विषमतेचे ताट झाकून ठेवू शकत नाही. बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. मग ती मोजणी स्वयंपाकघरातही झाली पाहिजे.

आणि ज्या दिवशी मटण मुळीच नसायचे त्या दिवशी तेच वाटण दुसऱ्या कशावर तरी पडायचे. बेसनाचे गोळे उकळत्या रश्शात सोडले की डुबुक वड्या. वांगी, हिरव्या तुरीचे दाणे, मसूर, हुलगे, जे हाताला लागेल ते. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्याने रेशनवरचा मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी खाऊन दिवस काढले. जिथे भाकरीच परक्या लाल ज्वारीची होती, तिथे मटण कुठून येणार? त्या काळात येसुराची आमटी हाच सण होता. हा शाकाहार कोणत्याही धर्मग्रंथाने शिकवलेला नव्हता. तो दारिद्र्याने लादलेला होता. त्याचे कौतुक करून 'आमचे पूर्वज किती सात्त्विक' म्हणण्यात अर्थ नाही, आणि त्याची लाज बाळगण्यातही नाही.

दुसरा बिनमटणाचा रस्सा : महाडनंतरचा

दुसरी वाट स्वाभिमानाची आहे. गावातले मेलेले जनावर ओढून नेणे हे आपल्या माणसांवर लादलेले काम होते, आणि त्या जनावराचे मांस हा त्या कामाचा मोबदला समजला जात असे. ताजे मांस विकत घ्यायला पैसा नाही, जमीन नाही, मजुरी धान्यात आणि तीही मर्जीवर. अशा वेळी ते मांस वाळवून ठेवले जाई. उन्हात वाळवलेल्या त्या लांब पट्ट्या म्हणजे चान्या. पावसाळ्यात काम नसताना चान्यांचा तुकडा निखाऱ्यावर भाजायचा, किंवा डाळीत टाकायचा. वजडी, रक्ती, चरबी कढवून उरलेला कुरकुरीत भाग, काहीही वाया जात नसे. उपासमारीवर मात करण्याचे हे शास्त्र होते. पण त्याची किंमत माणूसपणाने मोजावी लागत होती, कारण त्याच मांसाकडे बोट दाखवून सवर्ण म्हणत, 'म्हणून तुम्ही अस्पृश्य.'

19 आणि 20 मार्च 1927 रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला पाठ आहे, पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्टे अन्न घेणे सोडा, असे बजावले होते. हे नीट समजून घ्या. त्यांनी मांसाहार सोडा असे सांगितले नाही. ज्या मांसाला गुलामीचा वास येतो ते मांस सोडा असे सांगितले. पाण्याचा हक्क घ्या आणि मृत मांसाचा 'हक्क' फेकून द्या, हे एकाच लढ्याचे दोन हात होते.

आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कन्नडजवळच्या मकरणपूरला 30 डिसेंबर 1938 रोजी भाऊसाहेब मोरे यांच्या पुढाकाराने परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले. त्या काळापासून मराठवाड्याच्या गावागावांत हा विचार पोचत गेला. वस्तीने मेलेले जनावर ओढायचे नाकारले की गाव बहिष्कार टाके, मजुरी बंद करी, वाट अडवी. आणि घरातल्या भांड्यातून फुकटचे मांस कायमचे गेलेले असे. त्या रिकाम्या जागी काय आले? पुन्हा तोच येसूर, तीच डाळ, तेच दाणे. भूक तीच होती, पण आता ती स्वतः निवडलेली होती. या रश्शाला 'शाकाहारी' म्हणणे म्हणजे त्याचा अपमान आहे. तो बंडखोर रस्सा होता.

इथे एक जुना धडाही लक्षात ठेवायला हवा. मांस सोडले की जात सुटते, हे खोटे आहे. चोखोबांनी विठ्ठलाची भक्ती केली, तरी त्यांची समाधी मंदिराच्या पायरीशीच राहिली. छत्तीसगडमध्ये गुरू घासीदासांनी सतनामी समाजाला मांस, दारू, तंबाखू सोडायला लावले. रक्तासारखा रंग दिसतो म्हणून मसुरीसारख्या पदार्थांवरही बंदी घातली. तरीही सवर्ण समाजाने सतनाम्यांची अस्पृश्यता संपवली नाही. अस्पृश्यता ताटात नव्हती, वाढणाऱ्याच्या डोक्यात होती. बाबासाहेबांचा मार्ग वेगळा ठरतो तो इथेच. त्यांनी मृत मांस सोडायला सांगितले ते सवर्णांनी जवळ घ्यावे म्हणून नव्हे, तर आपली मान आपल्याच नजरेत ताठ राहावी म्हणून.

पिठाचा पशू

आता नकलेचा मुद्दा. 'मांस नको पण मांसासारखे हवे' ही इच्छा आपल्या वस्तीत जन्मली असे कोणी समजत असेल तर त्याने मनुस्मृती उघडावी. तिच्या पाचव्या अध्यायात मांसाविषयी सविस्तर विवेचन आहे. यज्ञात प्राणी मारायला मुभा आहे, यज्ञाविना मारणे पाप आहे, आणि त्यातही खाण्याची फारच ओढ लागली तर तुपाचा किंवा पिठाचा पशू करून खावा, अशी सोय आहे. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर बनावट मटणाची पहिली पाककृती मनूच्याच नावावर आहे! आणि हाच ग्रंथ दहाव्या अध्यायात चांडाळाने फुटक्या भांड्यात खावे असे सांगतो. एकाला तुपाचा पशू, दुसऱ्याला फुटके भांडे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जे पुस्तक जाळले गेले, त्यात स्वयंपाकघराचाही कायदा होता, हे आपण विसरतो.

याच्या उलट टोक आपल्याच मातीत सापडते. आजचे लातूर म्हणजे राष्ट्रकूट राजांच्या बिरुदातले लट्टलूर. हे राजे स्वतःला लट्टलूर नगरीचे स्वामी म्हणवत. त्यांच्या काळात, इसवी सन 959 मध्ये, सोमदेव सूरी या जैन लेखकाने 'यशस्तिलक' लिहिले, आणि राष्ट्रकूटांच्या मान्यखेट राजधानीत पुष्पदंताने तीच कथा 'जसहरचरिउ'मध्ये सांगितली. कथा अशी : यशोधर राजाला दुःस्वप्न पडते. आई म्हणते, देवीला कोंबडा बळी दे. राजा जीवहत्या नको म्हणतो. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापतात. पण मारण्याचा भाव मनात होता, म्हणून मायलेकांना पुढे कितीतरी जन्म पशूंच्या योनीत भोगावे लागतात.

म्हणजे एक परंपरा सांगते, पिठाचा पशू चालेल. दुसरी सांगते, पिठाचा कोंबडाही पाप. आज समाजमाध्यमांवर 'सोयावडीला मटण म्हणू नका, मनातली हिंसा दिसते' असे उपदेश करणारे लोक हजार वर्षांपूर्वीचाच वाद उगाळत आहेत. या दोन्ही परंपरांत स्वयंपाक करणाऱ्या कष्टकऱ्याला मत विचारलेले नाही.

बुद्धाने सक्ती नाकारली

मग आपण बौद्ध म्हणून कुठे उभे राहायचे? विनयपिटकात देवदत्ताची गोष्ट आहे. त्याने बुद्धाकडे पाच नियमांची मागणी केली. भिक्षूंनी जन्मभर मासे-मांस खाऊ नये हा त्यातला एक. बुद्धाने हा नियम सगळ्यांवर लादायला नकार दिला. आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तसा संशय नाही, असे तिन्ही बाजूंनी शुद्ध मांस भिक्षेत मिळाले तर घ्यायला मुभा ठेवली. मांसबंदीची मागणी करून संघात फूट पाडणारा देवदत्त होता, हे आपल्या दुसऱ्या तटाने लक्षात घ्यावे.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याचा नेमका उलगडा केला आहे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. अहिंसा हा आंधळा नियम नाही, तर विवेकाने पाळायचे तत्त्व आहे, असे ते मांडतात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण मांस न खाण्याची प्रतिज्ञा नाही. बाबासाहेब हे विसरले असतील असे कोणी म्हणणार आहे काय? ज्याला करुणेपोटी मांस सोडायचे त्याने जरूर सोडावे, आम्ही त्याचा आदर करतो. पण तो धम्माचा पहिला दाखला म्हणून दुसऱ्याला मागू नये.

1948 साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या मुळाविषयीच्या ग्रंथात बाबासाहेब आणखी पुढे जातात. एके काळी यज्ञात गोमांस खाणाऱ्या ब्राह्मणांनी बौद्ध धम्माच्या प्रभावावर मात करण्यासाठी गोमांस सोडले, आणि एक पाऊल पुढे टाकून शाकाहार स्वीकारला. गावाबाहेर वसलेली, बौद्ध असलेली गरीब माणसे मेलेल्या गाईचे मांस खात राहिली, आणि त्यावरून त्यांना अस्पृश्य ठरवले गेले, अशी त्यांची मांडणी आहे. 1910 मध्ये जनगणना आयुक्तांनी हिंदूंची वर्गवारी करण्यासाठी ज्या कसोट्या दिल्या त्यातही गोमांस खाणे ही एक कसोटी होती, याकडे ते लक्ष वेधतात. सारांश, शाकाहार हा भारतात नुसता आहार कधीच नव्हता. तो सत्तेचा खेळ होता.

जपानमध्येही हेच

हे फक्त भारतातच घडले असे नाही. चीनमध्ये सहाव्या शतकात लिआंग घराण्याचा सम्राट वू याने भिक्षूंना मांसबंदी केली. पुढे तिथल्या विहारांत गव्हाच्या पिठातला चिवट भाग धुऊन काढून, आणि सोयाबीनच्या पनीरापासून, मांसासारखे दिसणारे पदार्थ बनवण्याची मोठी कला वाढली. आपली सोयावडी हिची दूरची नात आहे. जपानमध्ये 675 साली सम्राट तेन्मू याने गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांचे मांस वर्षातले काही महिने खाण्यावर बंदी घातली. पण मेलेली जनावरे उचलायला, कातडी कमवायला माणसे तर लागतच होती. ज्यांच्यावर ते काम आले ते तिथले अस्पृश्य ठरले. त्यांनाच पुढे बुराकुमिन म्हटले गेले. 1871 मध्ये कायद्याने त्यांचा हीन दर्जा रद्द झाला. त्याच सुमारास, 1872 मध्ये, खुद्द सम्राट गोमांस खातो असे जाहीर झाले आणि गोमांस प्रतिष्ठेचे झाले. पण बुराकुमिनांची विटंबना थांबली नाही, म्हणून 1922 मध्ये त्यांना सुइहेइशा ही आपली संघटना उभारावी लागली. गोमांस पवित्र झाले, गोमांसाशी जोडलेली माणसे मात्र अपवित्रच राहिली. पदार्थ वर चढतो आणि माणूस खाली राहतो, हे जगभरचे जातीचे सूत्र आहे.

तिसरा बिनमटणाचा रस्सा : सक्तीचा

आता आजचे बोलू. तिसरी वाट सक्तीची आहे. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीची दुरुस्ती विधिमंडळाने 1995 मध्ये केली, पण राष्ट्रपतींची संमती मिळून ती लागू झाली मार्च 2015 मध्ये. गाईसोबत बैल आणि वळूही बंदीत आले. उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. देवणी आणि लाल कंधारी या जातिवंत जनावरांचा हा प्रदेश. हाळीच्या बाजारात बैल विकून नवा घेणारा कोरडवाहू शेतकरी, कुरेशी कारागीर, चर्मोद्योगातला मजूर आणि स्वस्त प्रथिने गमावलेले गरीब घर, या सगळ्यांवर एकाच कायद्याचा घाव बसला. ज्याला परवडते तो बोकडाचे मटण घेतो. ज्याला परवडत नाही त्याच्या रश्शात वडी येते. ही वडी त्याने निवडलेली नाही.

लातूर पॅटर्नच्या ओढीने गावोगावची आपली मुले लातूरला शिकायला जातात. खोली भाड्याने घेताना आधी आडनाव विचारले जाते, मग 'नॉनव्हेज चालणार नाही' असे सांगितले जाते. दोन्ही प्रश्न खरे तर एकच आहेत. 2023 मध्ये आयआयटी मुंबईच्या वसतिगृहात काही टेबले फक्त शाकाहारींसाठी राखली गेली. त्याला विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला 10,000 रुपये दंड झाला. त्याच वर्षी राज्याने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय घेतला, न खाणाऱ्यांना केळे. त्यालाही विरोध झाला, आणि जानेवारी 2025 मध्ये अंड्याचा स्वतंत्र निधी सरकारने थांबवला. अंडे नको असणाऱ्याला केळ्याची सोय होती. अंडे हवे असणाऱ्या गरीब लेकराला मात्र कोणती सोय उरली? याला शाकाहार म्हणत नाहीत. याला दुसऱ्याच्या ताटावरची मालकी म्हणतात.

चव उचलली, माणसे वगळली

याच काळात दुसरीकडे काय चालले आहे पाहा. हॉटेलच्या मेनूवर 'व्हेज कोल्हापुरी', 'व्हेज हंडी', 'व्हेज बिर्याणी' आहे. कोल्हापूरची ख्याती मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्शाची. नाव आणि झणका उचलून त्यात फ्लॉवर-वाटाणे घातले की ते सभ्य जेवण होते. 'गावरान येसर आमटी' आता पाकिटात विकली जाते. आम्हाला या पदार्थांचा राग नाही. राग आहे तो त्यामागच्या विसरण्याचा. ज्या चुलीवर ही चव घडली त्या चुलीला 'महारवाडा', 'मांगवाडा' म्हणून गावाबाहेर ठेवायचे, आणि चव मात्र 'मराठवाड्याची पारंपरिक खासियत' म्हणून खपवायची.

हे विसरणे मोडून काढण्याचे काम काही लोकांनी केले आहे. 2009 मध्ये पुणे विद्यापीठाच्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने दलितांच्या अन्नस्मृतींवर पुस्तिका काढली. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 साली आले. ज्या वर्षी सरकारने ताटावर बंदी आणली, त्याच वर्षी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलींचा दस्तऐवज मराठीत उभा राहिला. 2024 मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' या नावाने निघाले आणि ते जगभर वाचले जात आहे. आपल्या किती तरुणांनी ते वाचले आहे?

मग वडीचा रस्सा करायचा की नाही?

जरूर करायचा. वडी वाईट नाही. सोयाबीनचे तेल काढल्यावर उरलेल्या पिठापासून ती बनते. अमेरिकेतल्या आर्चर डॅनियल्स मिडलंड कंपनीने 1960 च्या दशकात हे तंत्र बाजारात आणले. कोरड्या वडीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 50 ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या लातूर जिल्ह्यात ज्वारी-मूग मागे सारून सोयाबीन शिवारभर पसरले आहे, लातूरची बाजारपेठ त्यासाठी देशभर ओळखली जाते. आपल्याच मजुरीने पिकलेले, आपल्याच भागात विकलेले सोयाबीन आपल्या भांड्यात आले तर त्यात लाज कसली?

फक्त ती नीट करावी. वड्या मिठाच्या पाण्यात उकळून पिळून घ्याव्यात, नाहीतर त्यांचा वास रश्शात उतरतो. पिळलेल्या वड्या तेलात लालसर परताव्यात, मग वाटणात मुरू द्याव्यात. कांदा-खोबरे निखाऱ्यावरच भाजावे. गॅसवर भाजले तर तो धूर येत नाही. मटणाची चरबी नाही म्हणून तीळ किंवा शेंगदाणे वाटणात थोडे वाढवावेत. येसूर शेवटी, पाण्यात कालवून, गुठळी न होऊ देता सोडावा. आणि भाकरी ज्वारीचीच. चव मटणाची येणार नाही, जवळपास येईल. तेवढे पुरे.

भीमजयंतीच्या भोजनदानाबद्दलही आमचे मत स्पष्ट आहे. ज्या जेवणाला सगळ्या जाती-धर्मांचे लोक येतात, तिथे सगळ्यांना चालेल असे शिजवणे हा यजमानाचा शहाणपणा आहे. कंदुरीच्या जेवणातही मटण न खाणाऱ्यासाठी वेगळे गोडाचे रांधण्याची रीत आपल्या भागात आहेच. तिथे मुलाण्याने कापलेल्या बोकडाचा रस्सा गावातल्या साऱ्या जातींनी खाल्ला आहे, आणि न खाणाराही मानाने जेवला आहे. पाहुण्याची सोय म्हणून मटण न घालणे वेगळे, आणि 'आता आपण सुधारलो' हे दाखवण्यासाठी मटण लपवणे वेगळे. पहिले औदार्य आहे, दुसरे न्यूनगंड.

म्हणून आमचा आग्रह एवढाच आहे. वडीच्या रश्शाला वडीचा रस्साच म्हणा. तो आपल्या मायबाईच्या येसुराचा आहे हे छातीठोक सांगा. ज्याने करुणेने मांस सोडले त्याला चिडवू नका, जो खातो त्याला खाली पाहायला लावू नका. ज्या खोलीमालकाने, वसतिगृहाने, सरकारने तुमच्या भांड्यात डोकावले, त्याला प्रश्न विचारा, लेखी विचारा, संघटितपणे विचारा. शाळेतल्या अंड्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडा. घरात रस्सा वाढताना रांधणाऱ्या बाईच्या ताटात तुकडा आधी पडू द्या. आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या आहेत तोवर त्यांच्याकडून येसूर, चान्या, अळणी, वजडी यांची माहिती लिहून घ्या. त्या गेल्या की ही चव पाकिटावरच्या कंपनीच्या नावाने ओळखली जाईल.

महाडला आपल्या माणसांनी स्वतःच्या हाताने भांड्यातले मांस काढले होते. तो हात आपला होता, म्हणून तो इतिहास झाला. आज दुसऱ्याचा हात भांड्यात येत असेल तर तो धरायचा अधिकारही आपल्याला त्याच इतिहासाने दिला आहे.

जयभीम!